सोमवारचं शटर

"साळोखे, काल माझं दुकान उघडं कुणी ठेवलं?"

भूपालअण्णा चौगुल्यांनी गल्ल्यावरून विचारलं, तेव्हा मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर चपला काढत होतो. एका पायातली निघाली होती, दुसरी निघायची होती. मंगळवारची सकाळ होती आणि निरोप आला तसा मी चहा अर्धा टाकून आलो होतो.

"काल सोमवार होता, अण्णा. काल तुमचं दुकान कसं उघडं असेल?"

"तेच मी इचारतोय."

"शटर वर होतं का?"

"शटर खाली हुतं. कुलूप माझ्या हातानं लावलंय. तरी दुकान उघडं हुतं. बोला आता."

मी दुसरी चप्पल पायातच ठेवली. परत जायची वेळ आली तर बरी.

अण्णा म्हणजे कोल्हापुरातले तांब्या-पितळेच्या भांड्यांचे जुने व्यापारी आणि आमच्या पेठेतल्या व्यापारी संघाचे अध्यक्ष. पेठ सोमवारी बंद. हा नियम सगळ्या पेठांत असतो, पण आमच्या पेठेत तो पाळला जायचा, कारण अण्णा दर सोमवारी सकाळी अंघोळ करून, पांढरी टोपी घालून, वेताची काठी घेऊन पेठेतून फेरी मारायचे. कुणाचं शटर वीतभर वर दिसलं की त्यावर काठी वाजवायचे. आत बसलेला माणूस हिशेब करत असो की झोपलेला असो, शटर जमिनीला टेकेपर्यंत अण्णा तिथून हलत नसत. एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला त्याच्याच दुकानात कोंडून ठेवलं होतं. अशा माणसाचं दुकान सोमवारी उघडं होतं असं कुणी म्हणणं म्हणजे काय, हे पेठेत राहणाऱ्यालाच कळेल.

"अण्णा, तुम्ही आपल्या वेबसाइटबद्दल बोलताय का?" मी विचारलं.

"तेच ते. तुमचं इंटरनेट. ते सोमवारी चालू असतंय म्हणं?"

"असतं की. ते रोज चालू असतं. तोच तर त्याचा फायदा."

अण्णांनी दुकानातल्या नोकराकडे बघितलं. नोकरानं वर टांगलेल्या घागरींकडे बघितलं.

"म्हंजे तीस वर्सं मी लोकांची शटरं पाडतोय," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आणि माझं सोमवारी सताड उघडं."

मी रघुनाथ साळोखे, साळोखे पब्लिसिटीचा मालक. ही गोष्ट नव्याण्णव सालची आहे. पेपरातल्या जाहिराती, थिएटरातल्या स्लाइडा, भिंती रंगवणं, रिक्षातून पुकारणं, एवढा आमचा धंदा. त्यातच शहरात इंटरनेट आलं आणि ते माझ्या अंगात आलं. अजून कुठल्या एजन्सीकडे नव्हतं तेव्हा मी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, मोडेम घेतला, एक जाडजूड पुस्तक घेतलं आणि अण्णांची वेबसाइट बनवली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, वर फिरणारी दोन निरांजनं आणि खाली भांड्यांचे फोटो. फोटो मोठे होते. समई उघडली की ती वरून खाली उतरत यायची. आधी वरचा मोर दिसायचा, मग वाती लावायचं ताट, मग दांडा सुरू व्हायचा, आणि बैठक दिसायच्या आत फोन कट व्हायचा. समईची बैठक मी स्वतः दोनदाच बघितली होती. पण शहरातल्या जाहिरातवाल्यांत मी 'इंटरनेटवाले साळोखे' झालो होतो आणि हे नाव मला फार आवडलं होतं.

"अण्णा, असं बघा," मी समजावणीच्या सुरात सुरुवात केली. "आपल्याकडे सोमवार असतो तेव्हा अमेरिकेत रविवार असतो. पृथ्वी गोल आहे. ती फिरते. त्यामुळं..."

"पृथ्वी फिरू दे. दुकान कुठं हाय?"

"दुकान इथंच आहे."

"हितं वार कुठला हुता?"

"सोमवार."

"मग झालं तर. पुढल्या सोमवारी ते बंद पायजे. पाटी लावा, पडदा टाका, काय करायचं ते करा. न्हाईतर ते काढूनच टाका आणि तुमच्या त्या पेपरच्या जाहिराती, रिक्षा, थेटरची स्लाइड, सगळंच थांबवा. राजारामपुरीतला तो निंबाळकर रोज फोन करतोय मला. त्याला इचारतो, तुला शटर बसवता येतंय का म्हणून."

अण्णा तोडून बोलले तरी मनातलं बोलायचे. ते गेले असते तर माझ्या एजन्सीचं अर्धं अंग लुळं पडलं असतं. आणि निंबाळकर हा पुण्याहून शिकून आलेला पोरगेला गडी होता, त्याच्या कार्डावर नुसतंच 'डॉट कॉम' छापलेलं होतं. तो आमच्यासारख्या भिंती रंगवणाऱ्यांकडे ज्या नजरेनं बघायचा ती नजर मी ओळखून होतो, कारण गेले सहा महिने मी बाकीच्या एजन्सीवाल्यांकडे त्याच नजरेनं बघत होतो.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. पुढच्याच्या पुढच्या शनिवारी शहरातल्या जाहिरात एजन्सींच्या संघटनेनं माझं व्याख्यान ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे भूपालअण्णा. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. विषय मीच दिला होता, ठळक टाइपात: 'इंटरनेट : सातही दिवस उघडं दुकान'.

म्हणजे वेबसाइट बंद ठेवावी तर व्याख्यानात तोंड दाखवायची सोय नाही, आणि उघडी ठेवावी तर व्याख्यान द्यायला एजन्सी उरत नाही.

"काढतो काहीतरी मार्ग," मी म्हटलं आणि एका चपलेनिशी पायरी उतरलो. दुसरी नोकरानं आणून दिली.

ऑफिसात इंदू टेबलावर बसली होती. इंदुमती, माझी बायको. छोट्या जाहिराती घ्यायचं काम तिचं. छोट्या जाहिरातीला शब्दावर दर असतो, आणि गिऱ्हाईक अख्खं घराणं सांगत बसतं. इंदू ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि पेन्सिलीनं एकेक शब्द उडवायची. मी गेलो तेव्हा एक गृहस्थ समोर बसले होते.

"'प्रशस्त, हवेशीर, भरपूर उजेडाच्या दोन खोल्या' यातलं काय काढू?" ती विचारत होती.

"काढू नका ओ वैनी, सगळं खरंय."

"हवा आणि उजेड खिडकीतनंच येतो ना? मग 'खिडक्या' लिहिते. दोन शब्द वाचले."

गृहस्थ खूश होऊन गेले. मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. शटर, काठी, निंबाळकर, व्याख्यान.

"मग बंद ठेवा की," इंदू म्हणाली.

"बंद कशी ठेवायची? ते इंटरनेट आहे. त्याला बंद हा प्रकारच नाही."

"येत नाही का तुम्हाला?"

"येतं. पहिलं पान बदलून दुसरं चढवायचं, झालं. येण्याचा प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असं." तिनं पेन्सिलीला टोक करायला घेतलं. "आणि ते दुसरं पान कधी चढवायचं?"

"रविवारी संध्याकाळी. आणि मंगळवारी सकाळी पहिलं परत."

"म्हणजे सोमवारी त्या कॉम्प्युटरला हात लावायला नको."

"लावून काय करणार? बंद म्हणजे बंद."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाईकाला आत बोलावलं.

इथं सोमवारबद्दल थोडं सांगायला हवं. पेठ बंद म्हणून आमची एजन्सीही सोमवारी बंद. लग्न झाल्यापासून सोमवार हा आमचा दिवस होता. काही विशेष करायचो असं नाही. उशिरा उठायचं, उशिरा जेवायचं, मॅटिनीला जायचं, नाहीतर स्कूटर काढून कागलला तिच्या बहिणीकडे. मोडेम आला आणि सोमवारी ऑफिसचा फोन रिकामा असतो हे माझ्या ध्यानात आलं. मग मी सोमवारी सकाळी किल्ली घेऊन जायचो ते दिवेलागणीला परत यायचो. तो मोडेम लागताना कोंबडी दाबल्यासारखा ओरडायचा, मग घसा खाकरायचा, मग गप्प व्हायचा, आणि लागला की नाही ते कळायचं नाही. मी पुन्हा लावायचो. जगात काय चाललंय ते बघत बसायचो. जगात काय चाललं होतं ते आज विचाराल तर मला एक गोष्ट आठवत नाही. इंदू एकदा एकटीच मॅटिनीला जाऊन आली आणि मला येऊन गोष्ट सांगायला लागली, तर मी म्हणालो की ही सगळी गोष्ट इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. असा मी तेव्हा माणूस होतो.

आठवडाभर मी अण्णांना पटवायचा प्रयत्न केला. बुधवारी गेलो, त्यांनी तांब्याचा बंब दाखवला आणि विषय बदलला. शुक्रवारी गेलो, तर म्हणाले, "शटर तयार झालं का?" शनिवारी निंबाळकरचा फोन आला.

"साळोखेसाहेब, ऐकलं ते खरं का? वेबसाइटला म्हणे तुम्ही कुलूप लावणार आहात. किल्ली कुणाकडे असणार? वहिनींकडे?"

"आमचे काही प्रयोग चालू आहेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी संध्याकाळी हरलो आणि बसलो. शटराचं चित्र काढलं. जमलं. त्याखाली मजकूर लिहिला: 'आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांस नम्रतापूर्वक कळविण्यात येते की, आज सोमवार हा पेठेचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस असल्याकारणाने आमचे दुकान बंद राहील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तरी कृपया मंगळवारी सकाळी पुनश्च भेट द्यावी ही विनंती.'

इंदू मला घरी न्यायला आली होती, म्हणजे जेवायला बोलवायला. तिनं मागून वाचलं.

"हे कुणी वाचायचं?"

"जो येईल तो."

"शब्दावर दर नसला म्हणून काय झालं." तिनं माझ्या हातातला कागद घेतला, पेन्सिल काढली आणि उडवत सुटली. शेवटी राहिलं ते असं: 'आज सोमवार. दुकान बंद. उद्या या.'

"दिलगिरी कुठं गेली?" मी विचारलं.

"दुकानदार कधी दिलगीर असतो? अण्णा कधी दिलगीर झालेले बघितलेत?"

मला चिडायलाही उमेद नव्हती. तेच चढवलं. तिसऱ्या खेपेला फोन लागला आणि पान वर गेलं. शटर हळूहळू वरून खाली उतरत आलं. चित्राचं असं हळू उतरणं पहिल्यांदाच शोभून दिसलं. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

सोमवारी मी सवयीनं किल्लीला हात घातला, तर किल्ली जागेवर नव्हती. "बंद म्हणजे बंद," इंदू स्वयंपाकघरातून म्हणाली. आम्ही जेवलो, स्कूटर काढली आणि गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. कळे गावाच्या पुढं चाक पंक्चर झालं. मी स्कूटर ढकलत होतो, ती पिशवी घेऊन शेजारून चालत होती, आणि मी सगळा वेळ तिला सांगत होतो की आता या घटकेला इंग्लंडमधून कुणीतरी आपल्या दारात उभं असेल आणि शटर बघून परत जात असेल.

"इंग्लंडच्या माणसाला काय घ्यायचं असेल?" तिनं विचारलं.

"काहीही. बंब."

"जाऊ दे. अंघोळ उद्या करील."

उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी एक पंक्चरवाला मिळाला. तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधेपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो. इंदूनं दोन ग्लास रस घेतला, वर माझ्यातला अर्धा घेतला. मी व्याख्यानात तोंड कसं दाखवायचं याचा विचार करत होतो. ती गुणगुणत होती. मला तिचा रागच आला. माणूस बुडत असताना बायकोनं गुणगुणावं?

मंगळवारी सकाळी मी जाऊन पान बदललं आणि तासाभरानं ई-मेल बघितला. अण्णांच्या वेबसाइटला तोवर एकूण तीन ई-मेल आले होते. त्यातले दोन मीच पाठवले होते, चालतं का बघायला. तिसरा दिल्लीहून कुणाचा तरी भलतीकडचा होता. त्या दिवशी चौथा आला होता.

अमेरिकेहून होता. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, त्यामुळं मला मोठ्यानं वाचावा लागला. मी वाचला आणि इंदूनं ऐकला. एका बाईंचा होता, शुभांगी नावाच्या. मूळच्या आमच्याच पेठेमागच्या गल्लीतल्या. लिहिलं होतं की पुरणयंत्र शोधत होते, चौगुल्यांचं दुकान दिसलं, आनंदानं उघडलं तर शटर. 'इथे सगळं रोज उघडं असतं, रात्रीसुद्धा. इतक्या वर्षांत मला कुणी उद्या या म्हटलं नव्हतं. मी खूप हसले आणि मग थोडी रडले. आज परत आले आहे. पुरणयंत्र आहे का? आणि चौगुलेकाका अजून काठी घेऊन फिरतात का?'

मी तो छापून घेतला आणि चपला न शोधता अण्णांच्या दुकानाकडे धावलो. अण्णांनी चष्मा लावला, मग काढला, मग मलाच वाचायला लावलं. काठीपाशी आल्यावर म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं.

"म्हंजे साळोखे, अमेरिकेचं गिऱ्हाईक माझ्या दारातनं माघारी गेलं?"

"गेलं."

"आणि दुसऱ्या दिवशी परत आलं?"

"आलं."

"तासगावचं गिऱ्हाईक येत न्हाई ओ परत!" अण्णा उठून उभे राहिले. "ए, ते मोठं पुरणयंत्र काढ वरनं. आणि साळोखे, ह्या कागदाला काच बसवून आणा."

दुपारपर्यंत सगळ्या पेठेला कळलं. संध्याकाळी आमच्या ऑफिसात दोन दुकानदार येऊन गेले. त्यांना वेबसाइट पाहिजे होती. उघडी कशी दिसते याची चौकशी त्यांनी केली नाही. शटर कसं असतं तेवढं विचारलं.

मग मी काय केलं असेल? दुसरा एखादा माणूस गप्प बसला असता. मी तीन दिवस बसून नवीन व्याख्यान लिहिलं.

शनिवारी हॉल भरला होता. पुढं अण्णा, नवी टोपी घालून. मधे एजन्सीवाले. दारापाशी निंबाळकर, हाताची घडी घालून. तिसऱ्या रांगेत इंदू, तिच्या लिंबाच्या रंगाच्या साडीत. पाठीमागं फळ्यावर विषय लिहिलेला, 'सातही दिवस उघडं दुकान'. मी खडू घेतला, 'सात'वर काट मारली आणि 'सहा' केलं. टाळ्या पडल्या. तिथंच थांबायला हवं होतं.

मी पाऊण तास बोललो. म्हणालो की जे सदासर्वकाळ उघडं असतं त्याची किंमत राहत नाही. म्हणालो की ग्राहकाच्या मनात ओढ निर्माण करणं ही जाहिरातीची खरी कला आहे, आणि ती ओढ बंद दारानं निर्माण होते. म्हणालो की पाश्चात्त्य देशांना अजून हे समजलेलं नाही.

निंबाळकरनं हात वर केला. "सर, ही कल्पना सुचली कशी?"

"बाजारपेठेच्या सखोल अभ्यासातून," मी म्हणालो.

"किती दिवस चालला होता अभ्यास?"

"सहा महिने. दर सोमवारी मी दिवसभर ऑफिसात बसून हाच विचार करत होतो."

तिसऱ्या रांगेतून खोकल्यासारखा आवाज आला. इंदूनं पदर तोंडाला लावला होता.

मग संघटनेच्या अध्यक्षांनी प्रमुख पाहुण्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. अण्णा माइकपाशी गेले, माइकवर बोटानं वाजवलं, जसं शटरावर वाजवत तसंच.

"मला भाषण येत न्हाई," ते म्हणाले. "आणि हे इंटरनेट काय ते बी कळत न्हाई. साळोखेंनी बसवलं, मी बसवून घेतलं. मला वाटायचं, मी दुकान बंद केलं, लाइटचा मेन खटका पाडला, की ते बी बंद होत असणार. मला काय ठावं ते सोमवारी चालू असतंय? तर वैनी आल्या दुकानात. इंदुवैनी, त्या बघा तिकडं बसल्यात. एक झारा घेतला. निघताना म्हणाल्या, अण्णा, तुम्ही सगळ्या पेठेची शटरं पाडता, आणि तुमचं स्वतःचं सोमवारी उघडं असतं. मी म्हटलं, कोण म्हणतंय? तर म्हणाल्या, कोण कशाला म्हणायला पायजे, आमचे हे दिवसभर तिथंच बसलेले असतात की!"

हॉलमध्ये आधी एक माणूस हसला. मग सगळा हॉल हसला.

"तवा साळोखेंनी अभ्यास केला असंल, मी न्हाई म्हणत न्हाई," अण्णा म्हणाले. "पर शटर वैनींनी पाडलं."

टाळ्या बराच वेळ चालल्या. सगळ्यात शेवटी थांबला तो निंबाळकर. मी मंचावर बसून हसत होतो. दुसरं काय करणार? हार गळ्यात होता आणि तो काढायचा तर उभं राहावं लागलं असतं.

 घरी जाताना स्कूटरवर रस्ता संपेपर्यंत मी मनात भांडण जुळवत होतो. घरापाशी स्कूटर लावली आणि जिन्यातच सुरुवात केली.

"अण्णा गेले असते म्हणजे? निंबाळकरनं उचलले असते त्यांना. एजन्सी बसली असती."

"बसली असती तर सोमवारच्या जोडीला मंगळवार पण मिळाला असता," इंदू म्हणाली.

"थट्टा करू नकोस. मला सरळ सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. चारदा. तुम्ही दर खेपेला म्हणालात, थांब, कनेक्ट होतंय."

मला आठवेना. पण म्हणालो असेन.

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि चपला काढून हातात घेतल्या. तिचे पाय दुखायचे.

"हे बघा," ती म्हणाली, "मंगळवार ते रविवार तुम्ही गावाचे. पेपरवाल्यांचे, रिक्षावाल्यांचे, अण्णांचे. मी कधी काही म्हटलं? म्हटलं असेल तर सांगा. सोमवार माझा होता. तो तुम्ही अमेरिकेला दिलात आणि मला विचारलंसुद्धा नाही."

मी तिच्यापेक्षा एक पायरी खाली उभा होतो. गळ्यातल्या हाराची फुलं शर्टावर गळत होती.

"चला," ती म्हणाली. "भात टाकायचाय. आणि तो हार काढा आधी, जावयासारखे दिसताय."

नंतर काय झालं ते कोल्हापुरातल्या जुन्या जाहिरातवाल्यांना माहीत आहे. महिनाभरात पेठेतल्या ज्या दुकानांच्या वेबसाइट निघाल्या त्या सगळ्या सोमवारी बंद. निंबाळकरच्या गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे हट्ट धरला आणि पुण्याहून शिकून आलेला तो पोरगा दर रविवारी संध्याकाळी बसून शटरं पाडायला लागला. एकदा त्यानं मला विचारलं, "साळोखेसाहेब, हे जगात आणखी कुठं करतात का हो?" मी म्हटलं, "सखोल अभ्यास करा."

तसं ते फार वर्षं टिकलं नाही. एकेकानं उघडायला सुरुवात केली. पुढं तर पेठच सोमवारी अर्धी उघडी राहायला लागली, अण्णांचे गुडघे गेल्यावर. पण चौगुल्यांची वेबसाइट बंद राहिली. ती चारदा नव्यानं बनवली, दर वेळी वेगळ्या पोरांनी, आणि दर वेळी अण्णांनी पहिली अट तीच घातली. अण्णा गेले तरी कुणी ती मोडली नाही.

आणि सोमवार इंदूचा राहिला. त्या इतक्या सोमवारी आम्ही काय केलं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. पिक्चर बघितले, त्यातले बरेच वाईट होते. कागलला गेलो. तिनं वाटाणे सोलले आणि मी तिच्यासमोर बसून खाल्ले, त्यावरून बोलणी खाल्ली. बऱ्याच सोमवारी तर मी दुपारी झोपलोच. ती शेजारी बसून पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचायची आणि कुणाचे किती शब्द फुकट गेले ते मला झोपेतून उठवून सांगायची.

गेल्या आषाढात इंदू गेली. आजार मोठा होता आणि वेळ थोडा मिळाला. दवाखान्यात सगळे वार सारखेच असतात.

दिवस वगैरे झाल्यावर अण्णांच्या सुनेचा, मृणालचा फोन आला. दुकान आता तीच बघते. आधी तिनं जेवणाखाण्याचं विचारलं, मुलाकडे पुण्याला जाणार का ते विचारलं. मग घुटमळली.

"काका, एक विचारायचं होतं. आत्ता विचारू नये खरं तर."

"विचार की."

"आपल्या साइटवरचं ते सोमवारचं. आता सगळी ऑर्डर तिथूनच येते ना, आणि लोक सोमवारीच जास्त बघतात. आमचे हे म्हणतात काढून टाकू. पण अण्णा सांगून गेलेत, साळोखेंना विचारल्याशिवाय सोमवारला हात लावायचा नाही. तुम्ही नको म्हणालात तर नाही काढणार, काका. राहू दे."

मी खुर्चीत बसलो होतो. जेवण झालेलं होतं, भांडं घासून पालथं घातलेलं होतं. बाहेर ऊन होतं. वार सोमवारच होता, ते मला तिनं म्हटल्यावर लक्षात आलं.

"उघडी ठेव, पोरी," मी म्हटलं. "सोमवारी आता मी मोकळाच असतो."